सामायिक रानातली खोप

चार घरांच्या मालकीच्या जमिनीवर एका घराने छप्पर उभारावे काय, उभारल्यास ते केवढे असावे, आणि उभारल्यावर ते कोणाचे म्हणावे? हे प्रश्न वरवर पाहता महसूल कचेरीचे किंवा वकिलाचे वाटतात. मंडळीच्या मासिकात त्यांचे काय काम, असे काही वाचक विचारतील. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु गेल्या वर्षी एक लहानशी खोप बांधण्याचा बेत आम्ही आखावयास बसलो, आणि कागदावर ओढलेल्या प्रत्येक रेघेबरोबर आपल्या मनातलेच काही उघडे पडते आहे असे दिसू लागले. म्हणून हा विचार वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रकरण असे. खानापूर तालुक्यात आमच्या घराण्याची सहा एकर जमीन आहे. सखल भागात भात, वरच्या माळावर काजू. आजोबांना चार मुलगे. वाटणी कधी झाली नाही, आणि आज उताऱ्यावर अकरा नावे आहेत. त्यांपैकी बहुतेक बेळगाव, पुणे, बडोदे अशा ठिकाणी नोकरीधंद्यात आहेत. जमीन कसते ती आमची धाकटी काकी आणि तिचा मुलगा. काकी विधवा आहे. लावणीच्या दिवसांत गावातल्या आठ-दहा बाया रोजाने येतात. पाऊस कोसळत असतो, चिखलात वाकून पाठी मोडतात, आणि दुपारी भाकरी सोडायची तर एका फणसाच्या झाडाखाली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन. भाकरी भिजते. लहान मूल बरोबर असले तर तेही भिजते. आम्ही हे अनेक वर्षे पाहिले आणि प्रत्येक वेळी 'येथे एक छप्पर हवे' असे म्हणून बेळगावची बस धरली.

शेवटी गेल्या ईस्टरच्या सुट्टीत आम्ही चौकटीच्या कागदावर नकाशा काढला. सोळा फूट रुंद, वीस फूट लांब. माळाच्या उंचवट्यावर, जेथून खालची खाचरे आणि पलीकडचा डोंगर दिसतो. एक खोली, पुढे पडवी, मागे न्हाणी, लोखंडी दार. कधीमधी मुलाबाळांसह येऊन चार दिवस राहता येईल, वचन वाचता येईल, आणि बायांचीही सोय होईल, असा आमचा विचार. कागद काकीला दाखविला. तिला नकाशा वाचता येत नाही, म्हणून बोट ठेवून एकेक जागा सांगितली. सगळे ऐकून तिने एवढेच विचारले, "आणि दाराला कुलूप घालणार काय रे?"

आम्ही म्हणालो, "घालावेच लागेल, काकी. भांडी, अंथरूण ठेवायचे तर."

"मग बाया जेवायला बसायच्या वेळी किल्ली बेळगावात असणार की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण आम्ही तो कागद घडी करून खिशात घातला आणि त्या दिवशी पुन्हा काढला नाही.

त्या प्रश्नाने आम्हांला बोचले, याचे कारण केवळ बायांची गैरसोय एवढेच नव्हते. आमच्या घराण्यात असे एकदा होऊन गेले आहे. वडिलांच्या पिढीत एका घराने याच जमिनीत 'एका पावसाळ्यापुरता' म्हणून गोठा घातला. पावसाळा गेला, गोठा राहिला. कुडाच्या जागी मातीची भिंत आली, भिंतीला लागून उकिरडा आला, उकिरड्यापुढे कुंपण आले, आणि एके दिवशी 'आमचा गोठा' हे शब्द 'आमची जागा' असे झाले. कोणी खोटे बोलले नाही, कोणी चोरी केली नाही. तरीही दोन सख्खे भाऊ अनेक वर्षे एकाच मंदिरात दोन बाजूंच्या बाकांवर बसत, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी त्यांपैकी एक हटकून गैरहजर राही. आपला भाऊ आपल्याविरुद्ध मनात काही धरून आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. हे दोघांनाही पाठ होते. गोठा मात्र मध्ये उभा होता.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की सामायिक वस्तूवर घातलेले श्रम ती वस्तू श्रम करणाऱ्याची करतात काय? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस असा विचार मांडला, की पृथ्वी सर्वांना मिळून दिलेली असली तरी माणूस तिच्यात आपले श्रम मिसळतो तेव्हा तो भाग त्याचा होतो. मात्र इतरांसाठी तितकेच आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, अशी अटही त्याने घातली. ही अट लोक बहुधा विसरतात. सहा एकरांत उंचवट्याची, कोरडी, डोंगर दिसणारी जागा एकच आहे. ती आम्ही घेतली, तर दहा जणांसाठी तितकीच चांगली जागा कोठून उरणार? शिवाय श्रमांचाच हिशेब करावयाचा, तर त्या जमिनीत तीस वर्षे श्रम मिसळले ते काकीने. आम्ही मिसळणार होतो ते फक्त पैसे.

कायदाही येथे बराच समंजस आहे. वाटणी होईपर्यंत प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क जमिनीच्या कणाकणावर असतो, पण अमुक कोपरा माझा एकट्याचा, असे कोणालाच म्हणता येत नाही. पवित्र शास्त्र याच्याही पुढे जाते. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना बजावतो, की जमीन त्याची आहे आणि ते तीवर परके व उपरे म्हणून राहणारे आहेत. म्हणजे उताऱ्यावरील अकरा नावांच्या वर आणखी एक नाव आहे, जे कोणत्याही कचेरीत नोंदविलेले नाही. अब्राहामाला अवघा कनान देश देण्याचे अभिवचन होते, तरी तो आयुष्यभर तंबूत राहिला, आणि त्याने रीतसर चांदी मोजून विकत घेतले ते एक शेत व त्यातली मकपेलाची गुहा, तीही सारेला पुरण्यासाठी. लोटाशी तंटा होण्याची वेळ आली तेव्हा वडील असून त्याने निवडीचा पहिला हक्क पुतण्याला दिला. लोटाने पाण्याची, हिरवी बाजू घेतली. चांगली जागा डोळ्यांना आधी दिसते, याचा तो जुना दाखला आहे. आमच्या नकाशातला उंचवटा आम्हांला तेव्हापासून लोटाच्या डोळ्यांनी पाहिलेला वाटू लागला.

यावर कोणी म्हणेल, सामायिक ते कोणाचेच नाही. सगळ्यांचे म्हणून ठेवाल तर ते ओसाड पडेल, त्यापेक्षा एकाने पुढाकार घेतलेला बरा. हा आक्षेप हलका नाही. अमेरिकेतील गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने १९६८ साली नेमका हाच मुद्दा मांडला, की सामायिक कुरणात जो तो आपले एक जनावर अधिक सोडतो आणि अखेर कुरणच नाहीसे होते. पण एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीने स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची गावराने, स्पेनचे पाटबंधारे यांचा अभ्यास करून १९९० साली दाखवून दिले, की जेथे वापरणारे लोक स्वतः नियम करतात, स्वतः देखरेख ठेवतात आणि भांडण स्वस्तात मिटविण्याची सोय ठेवतात, तेथे सामायिक मालमत्ता शतकानुशतके टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या विषयात ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

आपल्या गोव्याच्या वाचकांना यासाठी स्वित्झर्लंडला जावे लागत नाही. गावकारी, जिला पोर्तुगीज अमलात कोमुनिदाद म्हणू लागले, ती तेथे पोर्तुगिजांच्या आधीपासून होती, आणि १५२६ साली अफोन्सो मेशिया याने तिचे रीतिरिवाज सनदेत लिहून काढले. शेते मुदतीने कसावयास देत, उत्पन्नातून बांधबंदिस्ती व गावखर्च भागवीत, आणि उरलेला हिस्सा गावकऱ्यांत वाटीत. तिचा दोषही सांगितला पाहिजे. हिस्सा गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांना मिळे. स्त्रिया, आणि त्याच शेतात राबणारे पण गावकर नसलेले लोक, यांना ठरविण्याच्या जागी स्थान नसे. 'सर्वांचे' हा शब्द उच्चारताना त्यात कोण कोण मोडते, हे दर वेळी विचारावे लागते ते यासाठीच. आमच्या उताऱ्यावरील अकरा नावांत लावणीला येणाऱ्या एकाही बाईचे नाव नाही. भिजतात मात्र त्याच.

दुसरा प्रश्न आकाराचा. गरज केवढी आणि हौस केवढी, हे कसे ओळखावे? शूनेमच्या त्या थोर स्त्रीने अलीशासाठी गच्चीवर खोली बांधविली, तिची यादी राजांच्या दुसऱ्या पुस्तकात चार वस्तूंत संपते: पलंग, मेज, आसन आणि दिवा. पाहुणा कोण आणि त्याला काय लागते, हे पाहून ती खोली बेतली होती. अमेरिकेचा हेन्री थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला, त्याचे घर दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब होते, आणि त्याला अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट खर्च आला. जमीन त्याची नव्हती, ती त्याचे मित्र इमर्सन यांची होती. झाडे तोडण्यास कुऱ्हाडही त्याने उसनी आणली आणि परत केली. दोन वर्षांनी तो निघून गेला, जमिनीवर हक्क सांगितला नाही. आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामात १९३६ पासून गांधीजी राहिले ती कुटी माती, बांबू आणि कौलांची आहे, आणि आजही पाहावयास मिळते. हे सारे लोक गरीब म्हणून लहान घरात राहिले नाहीत. पुरेसे म्हणजे किती, याचा त्यांनी शोध घेतला होता.

आम्हीही मग कागद पालटला आणि आधी माणसे मोजली. दहा बाया, दोन मुले, काकी आणि तिचा मुलगा. त्यांना बसून जेवता यावे, ओले कपडे पिळता यावेत, चूल पेटवून चहा करता यावा आणि घटकाभर पाठ टेकता यावी. यासाठी दहा फूट रुंद व बारा फूट लांब जागा पुरते. सोळा गुणिले वीस म्हणजे तीनशे वीस चौरस फूट, दहा गुणिले बारा म्हणजे एकशे वीस. मधले दोनशे चौरस फूट आमच्या हौसेचे होते. हा हिशेब स्वतःच्या हाताने मांडताना थोडी लाज वाटली, पण मांडला ते बरे झाले. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात म्हटले आहे. पैशाचा अंदाज सगळेच घेतात, नात्यांवर पडणाऱ्या खर्चाचा मात्र क्वचित कोणी घेतो.

आता बांधणीविषयी. ज्यांना असे काही करावयाचे असेल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आमच्याकडे जांभा दगड जवळच मिळतो, म्हणून जोते त्याचेच, दीड फूट उंच, म्हणजे वाहते पाणी आत येणार नाही. पावसाळी वारा पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत छपरापर्यंत पूर्ण, बाकी तीन बाजूंना कमरेइतकी आणि तिच्यावरच बसावयाचा कट्टा. लाकडी खांब मातीत न पुरता दगडी उथळ्यावर उभे करावयाचे, म्हणजे वाळवी सहज लागत नाही. छपराला उतार चांगला हवा, आणि वळचण चोहोबाजूंनी दोन फूट बाहेर, म्हणजे पागोळ्या भिंतीवर पडत नाहीत. वर मंगळुरी कौले, वळचणीसह सुमारे ४०० लागतील. ही कौले दक्षिणेत घरोघर गेली त्यात मिशनचाही वाटा आहे. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तो बाप्तिस्मा घेतल्यामुळे उपजीविका गमावलेल्या माणसांना हाताला काम मिळावे या हेतूनेही. एक इशाराही देतो. वळवाच्या विजा चमकत असताना अशी उघडी खोप आसरा देत नाही. तेव्हा चारी बाजूंनी बंद पक्क्या घरातच गेले पाहिजे. खोप आहे म्हणून बाया रानात थांबल्या आणि घात झाला, असे होऊ नये. नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास दोष तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाची आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. बांधणाऱ्याची जबाबदारी वापरणाऱ्याच्या जिवापर्यंत पोहोचते, असा तिचा बोध.

कमी खर्चात, जवळच्या सामानाने, वाया न घालवता बांधणे हेही नीतीचे काम आहे, हे लॉरी बेकर या वास्तुशिल्पकाराने आपल्या देशात शिकविले. ते क्वेकर पंथाचे इंग्रज गृहस्थ. १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी आले, पुढे केरळात स्थायिक झाले आणि २००७ साली तेथेच वारले. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची जी रीत त्यांनी लोकप्रिय केली, तिने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. घर कोणासाठी आहे हे ओळखून बांधणे, हा त्यांचा विशेष होता.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, आणि तो अजून सुटलेला नाही. नवा नकाशा घेऊन आम्ही उताऱ्यावरील सर्वांना पत्रे पाठविली. खोपीला दार नाही, कुलूप नाही. जागा उंचवट्यावर नव्हे, खाचरांजवळ पायवाटेला लागून. खर्च ज्याने दिला त्याचा हक्क वाढत नाही, ज्याने दिला नाही त्याचा कमी होत नाही. वाटणी झालीच, तर खोप ज्याच्या वाट्यात येईल त्याने लावणीच्या दिवसांत ती सर्वांना मोकळी ठेवावी. दरवर्षी कौले परतण्याचे काम पाळीपाळीने. वाद झाल्यास मंडळीतले दोन वडील सांगतील ते मान्य. दहा जणांच्या सह्या आल्या. एक आली नाही. ते आमचे बडोद्याचे चुलतभाऊ. त्यांनी फोनवर एवढेच म्हटले, "तेव्हाही एका पावसाळ्यापुरताच गोठा होता." त्यांना आम्ही काय उत्तर देणार? ज्या घराचे त्या गोठ्याने नुकसान झाले ते त्यांचेच घर.

येथे दोन कर्तव्ये समोरासमोर उभी राहतात. एकीकडे ज्याचे मन दुखावले आहे त्या भावाची संमती. नाबोथाने वडिलोपार्जित मळा देण्याचे नाकारले, तेव्हा अहाब राजा होता म्हणून त्याचा नकार पोकळ ठरला नाही. दहा विरुद्ध एक, म्हणून आमच्या भावाचाही ठरत नाही. दुसरीकडे मृगाचा पाऊस कोणाच्या सहीसाठी थांबत नाही, आणि भिजणाऱ्या बाया आमच्या घराण्याच्या जुन्या भांडणाला जबाबदार नाहीत. संमतीची वाट पाहणे हे कित्येकदा न करण्याचे सोवळे निमित्त असते. आणि गरज मोठी आहे म्हणून संमतीवाचून पुढे जाणे, यानेच तर मागचा गोठा उभा राहिला होता. त्या घराचीही गरज खोटी नव्हती, हे आता समजते.

फार विचारांती आम्हांला एक भेद सापडला, तो वाचकांनी पारखून पाहावा. जे उद्या पुसून टाकता येते, ते गरज असेल तर आज करावे. जे पुसता येत नाही, त्यासाठी शेवटच्या भावापर्यंत थांबावे. इस्राएल लोकांना प्रतिवर्षी सात दिवस डहाळ्यांच्या मांडवांत राहण्याची आज्ञा होती. आठव्या दिवशी मांडव उतरत. जमिनीवर त्याची खूण राहत नसे, पण त्या सात दिवसांत छाया खरी असे. त्याप्रमाणे यंदा आम्ही आणि काकीच्या मुलाने सहा बांबू, एक मोठी ताडपत्री आणि बसावयास दोन फळ्या एवढ्यावर मांडव घातला. घालण्यापूर्वी बडोद्याला फोन करून सांगितले, आणि लावणी संपताच उतरवू असा शब्द दिला. ते म्हणाले, "बघू."

लावणी संपली त्या आठवड्यात आम्ही रजा काढून गेलो आणि मांडव स्वतः उतरविला. बांबू काकीच्या माळ्यावर ठेवले. खड्डे बुजविले. बायांपैकी एक म्हणाली, "राहू दे की, मळणीला उपयोगी पडंल." तिचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, आणि तिला नकार देणे जड गेले. पण एका पावसाळ्याचा शब्द एका पावसाळ्यापुरताच पाळला गेला, हे आमच्या घराण्याने एकदा तरी पाहणे आवश्यक होते. मोकळ्या जागेचे छायाचित्र बडोद्याला पाठविले. उत्तर आले नाही. नाताळात ते सहकुटुंब येणार आहेत असे मात्र कळले आहे.

दगडी खोप होईल किंवा होणार नाही. झाली तर तिच्या जोत्याखाली अकरा जणांची संमती असावी, अशी आमची प्रार्थना आहे. न झाली तर पुढल्या मृगात बांबू पुन्हा माळ्यावरून काढू आणि लावणी सरताच पुन्हा उतरवू. वाचकांपैकी अनेकांच्या गावी अशी न वाटलेली जमीन असेल, एखादा जुना गोठा असेल, आणि मंदिरात दोन बाजूंचे दोन बाक असतील. तेथे नवे काही बांधण्याचा बेत करण्यापूर्वी, काकीने आम्हांला विचारलेला प्रश्न आपण आपल्या नकाशाला विचारून पाहावा, एवढीच विनंती.